भाडेकरू निघून गेल्यावर : अ‍ॅनफील्डची कथा

घरमालक व भाडेकरू ह्यांचा तंटा आमच्या वाचकांस नवा नाहीं; परंतु अशा एका तंट्यांतून इंग्लंडांतील एका नामांकित फुटबॉल क्लबाचा जन्म झाला, ही गोष्ट थोड्यांच्याच कानीं असेल. लिव्हरपूल शहरांतील अ‍ॅनफील्ड मैदानावर १८८४ पासून एव्हर्टन क्लबाचे सामने होत. बीअरचे कारखानदार जॉन होल्डिंग ह्यांनीं पुढें ती जागा विकत घेतली. तेच क्लबाचे धुरीण आणि तेच जागेचे मालक! भाडें १०० पौंडांवरून २५० वर गेलें, कुरबूर वाढली, आणि १८९२ त एव्हर्टनची मंडळी स्टॅन्ले पार्कच्या पलीकडे, मैलभरही दूर नसलेल्या गुडिसन पार्कवर बिऱ्हाड घेऊन निघून गेली. तेथें त्यांच्या पुरुष-संघाचा मुक्काम २०२५ पर्यंत होता. इकडे होल्डिंगांच्या हातीं राहिलें रिकामें मैदान. खेळणारे नाहींत, तर खेळणारे उभे करावे, असें ठरवून त्यांनीं नवा क्लबच काढला आणि त्यास शहराचें नांव दिलें.

मैदानाची कीर्ति झाली ती मात्र गोलामागील एका चढणीमुळें. १९०६ त क्लबानें लीग दुसऱ्यांदा जिंकली, त्या वर्षीं हा उंच बांध घालण्यांत आला. आणि अर्नेस्ट एडवर्ड्स नांवाच्या पत्रकारानें त्यास ‘स्पिऑन कॉप’ हें नांव सुचविलें. ही नाताळमधील टेंकडी. बोअर युद्धांत, जानेवारी १९०० मध्यें, तेथें इंग्रजांचा मोड झाला व लँकेशायरच्या पलटणींतील पुष्कळ तरुण पडले. त्या रणांतून जखमींना डोलींत घालून मैलोगणती वाहून नेणाऱ्यांत मोहनदास गांधींनीं उभारलेल्या पथकांतील हिंदी लोक होते, हें तिकडील किती प्रेक्षकांस ठाऊक असेल कोण जाणे! क्रीडांगणास विजयाचें नव्हे, तर पराभवाचें नांव द्यावें, ह्यांत आम्हांस मोठें औचित्य वाटतें.

१९२८ त कॉपवर छप्पर आलें. त्याखालीं सुमारें अठ्ठावीस हजार माणसें उभीं राहत. १९८९ त शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे अनुयायी चेंगरले गेले. त्यांतील मृतांची संख्या अखेर ९७ झाली. प्रेक्षकांचा दोष नव्हता, असा निर्णय मिळावयास २०१६ साल उजाडलें. ह्या दुर्घटनेनंतर उभें राहण्याचे सज्जे बंद झाले व १९९४ पासून कॉपवर बारा-तेरा हजार खुर्च्या आल्या. जुनी मौज गेली म्हणून हळहळणारे आहेत. त्या ९७ घरांचा विचार मनांत आला म्हणजे आम्हांस ती हळहळ पटत नाहीं.

बसलेल्या प्रेक्षकांचाही आवाज कमी पडला नाहीं. एप्रिल २०१७ पासून लीगचे ६८ सामने क्लबानें ह्या मैदानावर न हरतां काढले. पुढें करोनाच्या सांथीनें दारें बंद झालीं. जानेवारी २०२१ त बर्नलीनें ती मालिका तोडली, आणि घरच्या मैदानावर लागोपाठ सहा सामने गेले. असें पूर्वीं कधीं घडलें नव्हतें. कांहीं प्रमुख खेळाडू जायबंदी होते हें खरें, पण तेवढ्यानें आमचें समाधान होत नाहीं. त्या सहांपैकीं एक सामना एव्हर्टननें जिंकला. आपल्या जुन्या बिऱ्हाडीं त्यांस १९९९ नंतर प्रथमच जय मिळाला, आणि कॉपवर तो पाहावयास कोणी नव्हतें.