बाप्तिस्म्याआधी गेलेले बाळ कुणाचे?



आयर्लंडमध्ये डोनेगलच्या किनाऱ्यावर, कॅरिकफिनजवळ, एक छोटे बेट आहे. त्याच्या नावाचा अर्थच ‘मृतांचे बेट’. बाप्तिस्मा न झालेल्या बाळांना तेथे पुरत, कारण आशीर्वादित दफनभूमीत त्यांना जागा नव्हती. त्या देशात अशा जागांना ‘किलीन’ म्हणतात आणि त्या ठिकठिकाणी आहेत. बहुधा बापच अंधार पडल्यावर बाळाला घेऊन जाई, खुणेला बिननावाचा दगड ठेवी. ही रीत विसाव्या शतकातही चालू होती.

हे वाचून आपण हळहळतो. पण पेडणे-डिचोलीत आपण काय करतो? जन्मताच बाळ गेले, तर सारे गुपचूप उरकतो. आईला म्हणतो, “विसर गो, दुसरं होईल.” आणि दारामागे कुजबुजतो, “बाप्तिस्मा झाला नव्हता ना!” आपल्याकडे तसे बेट नाही, पण त्या आईला आपण एकटीच बेटावर सोडतो.

ही कुजबुज ख्रिस्तसभेची शिकवण आहे, असे कृपा करून सांगू नका. ‘लिंबो’ ही धर्मपंडितांची कल्पना. श्रद्धेचा सिद्धांत म्हणून ती कधीच घोषित झाली नाही. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने (क्र. १२६१) अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवले आहे. २००७मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने सांगितले की त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणे आहेत. आईबापांची बाप्तिस्मा देण्याची इच्छा होती, तर बिशपांच्या परवानगीने ख्रिस्ती अंत्यविधीही करता येतो. १९८३च्या धर्मसभेच्या कायद्यातच तशी तरतूद आहे.

कोणी विचारेल, मग बाप्तिस्म्याची गरज काय? गरज आहेच. त्याला उशीर करू नका, हेही आम्ही धर्मशिक्षकच शिकवतो. पण देवाने आपल्याला दिलेल्या दानाने देवाचेच हात बांधले जात नाहीत. लहान मुलांना अडवणाऱ्या शिष्यांवर प्रभू येशू रागावला होता, हे आपण कसे विसरतो?

येत्या २ नोव्हेंबरला मृतांसाठी मिस्सा होईल. तुमच्या घरातले असे बाळ असेल, तर त्याचे नाव पाद्रींकडे द्या. नाव ठेवलेच नसेल, तर आज ठेवा. आणि त्याच्या आईला, ती आज साठ वर्षांची असली तरी, एकदा मनमोकळे बोलू द्या. आपण शेजारी बसून ऐकूया.