पिच्चर कसा होता बे?

आपल्या होस्टेलमध्ये या प्रश्नाची चारच उत्तरं आहेत. 'एक नंबर', 'पैसा वसूल', 'टाइमपास' आणि 'पकाऊ'. पाचवं उत्तर देणारा माणूस म्हणजे सबमिशनच्या आदल्या दिवशी जर्नल पूर्ण असलेला मुलगा. असतो म्हणतात, कोणी पाहिला नाही! तीन तासांचा पिच्चर, शेकडो लोकांची मेहनत आणि निकाल एका शब्दात. इतक्या झटपट तर आपली व्हायवासुद्धा आटपत नाही.

मी पण त्यातलाच. 2022 च्या मार्चमध्ये नागराज मंजुळेंचा 'झुंड' थिएटरला लागला, तेव्हा न बघताच 'लांबलाय यार' असं मी दोघातिघांना सांगून टाकलं होतं. कोणाकडून तरी ऐकलेलं मत, आपलं म्हणून पुढे ढकललं. मागच्या सेमिस्टरला एका शनिवारी कॉमन रूममध्ये प्रोजेक्टर लावून तोच पिच्चर सगळ्यांनी मिळून पाहिला. पिच्चर संपल्यावर जे भांडण झालं, ते मला पिच्चरइतकंच लक्षात राहिलं. म्हणून हा लेख.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी 2001 साली आपल्याच नागपुरात झोपडपट्टीतल्या पोरांचं फुटबॉल सुरू केलं. ती गोष्ट या पिच्चरच्या मुळाशी आहे. अमिताभ बच्चन झालेत प्रोफेसर विजय बोराडे. बाकी पोरं बहुतेक नवी, नागपूरच्या वस्त्यांमधून शोधलेली. त्यातला 'डॉन' म्हणजे अंकुश गेडाम. त्याला पुढे 2023 मध्ये पदार्पणाचा फिल्मफेअर मिळाला.

सुरुवातीलाच गंमत झाली. पोरांनी तोंड उघडलं आणि पुण्याकडचा आमचा एक मित्र म्हणाला, "सबटायटल लावा रे." सगळी रूम हसली. दाराशी टॉवेल खांद्यावर टाकून उभे असलेले मेसचे काका म्हणाले, "काऊन? हे तर आपल्याच मोहल्ल्यातले पोट्टे आहे!" काका पाच मिनिटांसाठी आले होते, शेवटपर्यंत उभेच राहिले. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

आता ही भाषा. पिच्चर हिंदी, पण ही मुंबईची हिंदी नाही. 'बे' लावल्याशिवाय वाक्य संपत नाही अशी आपली हिंदी. 1960 पर्यंत हिंदी पिच्चरमधलं नागपूर म्हणजे काय होतं ते मला माहीत नाही, पण माझ्या वयात तरी पडद्यावर असं बोलणारा हिरो मी पाहिला नव्हता. असं बोलणारा असायचा तो हसवायला. इथे तो हसवतोही आणि रडवतोही. नागपूरकर म्हणून कॉलर टाइट झाली, हे कबूल करतो.

पहिल्या भागाबद्दल फारसा वाद नव्हता. पावसात प्लॅस्टिकच्या डब्याला लाथा मारत खेळणारी पोरं, प्रोफेसरने खेळायला पैसे देणं आणि मग एक दिवस पैसे बंद करणं, कॉलेजच्या टीमविरुद्धची मॅच. त्या मॅचला तर आमच्या रूममध्ये वर्ल्ड कपची फायनल असावी असा दंगा! वॉर्डन सर वर आले, 'आवाज कमी करा' म्हणाले, आणि स्कोअर विचारून खाली गेले.

भांडण लागलं ते दुसऱ्या भागावरून. त्यात एका आदिवासी मुलीची गोष्ट येते. रिंकू राजगुरूने केलेली. फुटबॉल खेळायला परदेशात जायचं, त्यासाठी पासपोर्ट पाहिजे, पासपोर्टसाठी कागद पाहिजे. तिचा बाप तिला घेऊन या दारातून त्या दारात फिरतो. गोल नाही, गाणं नाही, नुसते कागद. आमच्यातल्या अर्ध्या जणांनी त्या वेळात मोबाईल काढले. एक जण चहाला गेला. आणि पिच्चर संपल्यावर पुण्याच्याच मित्राने निकाल दिला, "तो पासपोर्टवाला पार्ट उडवला असता तर पिच्चर एक नंबर होता."

त्यावर एरवी गप्प बसणारा गडचिरोलीकडचा एक जण बोलला. "मला फक्त तोच पार्ट आवडला."

काऊन, विचारलं तर म्हणाला, "अॅडमिशनच्या वेळी माझी व्हॅलिडिटी नव्हती. 1950 च्या आधीचा पुरावा आणा म्हणाले. आजोबा शाळेतच गेले नाहीत, तर त्यांचा दाखला कुठून आणू? बाबा सहा वेळा जिल्ह्याला गेले. प्रत्येक वेळी एक दिवसाची मजुरी बुडाली. ते पिच्चरमधले बाप-लेक कसे गप्प उभे राहतात, तसेच आम्ही उभे राहायचो."

रूममध्ये कोणीच काही बोललं नाही. आमच्यापैकी निम्म्यांच्या फाईलमध्ये जात पडताळणीचा कागद आहे. पण तो कागद कोणाकडे कसा आला, हे तीन वर्षं एका मेसमध्ये जेवून आम्ही एकमेकांना कधी विचारलं नव्हतं. तेही एका पिच्चरमुळे समजलं, आणि तेही 'तो पार्ट उडवा' असं कोणीतरी म्हटल्यामुळे! म्हणून पुण्याच्या मित्राला मी दोष देत नाही. त्याने आपलं मत तरी सांगितलं. माझ्यासारखं ऐकीव नव्हतं. आणि त्याला तो भाग कंटाळवाणा वाटला हे खरंच आहे. रांगेत उभं राहणं कंटाळवाणंच असतं, फक्त त्याला ते कधी करावं लागलं नव्हतं.

माझं मत विचाराल तर पिच्चर लांब आहेच. सुमारे तीन तास. कोर्टात बच्चनसाहेब जे भाषण करतात ते मला नको होतं, कारण जे पोरांच्या तोंडावर आधीच दिसलंय ते पुन्हा शब्दांत सांगायची गरज नव्हती. मंजुळेंनीच 'सैराट'च्या शेवटी सगळा आवाज काढून घेतला होता, आणि अख्खं थिएटर गार पडलं होतं. हे त्यांना येतं. मग इथे भाषण कशाला? पण आंबेडकर जयंतीचा सीन आणि ती भिंत, यासाठी मी पुन्हा बघेन.

हो, भिंत. पिच्चरमध्ये कॉलेज आणि झोपडपट्टीच्या मध्ये भिंत आहे, पोरं ती ओलांडून येतात. आपल्या नंदनवनात वेगळं काय आहे? इकडे कॉलेज, होस्टेल, फ्लॅट स्कीम, तिकडे झोपडपट्टी. रात्री मॅगी खायला आपण तिकडच्याच टपरीवर जातो, पण टपरीवाल्याचा मुलगा कोणत्या शाळेत आहे ते विचारत नाही. काकांना मी त्या रात्री विचारलं, "काका, पिच्चर कसा होता?" काका म्हणाले, "पिच्चर बरा होता. पण त्या पोट्ट्यांना पाहून गेट उघडणारा प्रोफेसर इथं कुठं दिसते का?" आणि भांडी घासायला निघून गेले.

आमच्या चार शब्दांत हे उत्तर कुठेच बसत नव्हतं.

येत्या शनिवारी 'फँड्री' लावायचं ठरलंय. प्रोजेक्टरची सोय मेकॅनिकलवाल्यांकडे, चहाची आमच्याकडे. गडचिरोलीवाला पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि काकांसाठी खुर्ची आधीच लावून ठेवू. फक्त एक विनंती, शेवटचा सीन झाल्या झाल्या कोणी लाइट लावू नका.