नाव कन्येचे, कसोटी घराची

टिटवाळ्याच्या महागणपतीचे दर्शन घेऊन परतणाऱ्या बहुतेक भाविकांना तेथील आख्यायिका ठाऊक असते. कण्व ऋषींचा आश्रम काळू नदीच्या या परिसरात होता आणि गणेशाची स्थापना शकुंतलेने केली, अशी ती श्रद्धा. महाभारतातील आश्रम मालिनी नदीच्या तीरावरचा. तेव्हा ज्यांना भूगोलाचा वाद घालावयाचा असेल, त्यांनी तो खुशाल घालावा. परंतु शकुंतलेच्या नावामागची कथा मात्र सहसा कोणी आठवत नाही. मेनकेने जन्मतःच टाकून दिलेल्या त्या अर्भकाचे निर्जन वनात पक्ष्यांनी रक्षण केले. शकुंत म्हणजे पक्षी. म्हणून कण्वांनी तिला शकुंतला म्हटले. ती टाकली गेली याची खूण त्यांनी नावात ठेवली नाही. ती जपली गेली याची ठेवली. कन्येच्या नामकरणाचा याहून उत्तम वस्तुपाठ मिळणे कठीण.

हा वस्तुपाठ महाराष्ट्र किती विसरला, हे सातारा जिल्ह्याने २०११ साली दाखवून दिले. मुलगा हवा असताना मुलीच होत राहिल्या म्हणून ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ असे नाव पदरी पडलेल्या मुलींचा तेथे शोध घेण्यात आला आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात २८५ मुलींना जाहीर समारंभात नवी नावे देण्यात आली. शाळेच्या हजेरीत रोज आपणच नको असल्याची ग्वाही देणाऱ्या मुलींची त्यातून सुटका झाली, ही गोष्ट लहान नव्हे.

अशी नावे मुलांचीही असतात, असा बचाव केला जातो. धोंडू, दगडू ही नावे काय सुंदर आहेत? पण हे साम्य वरवरचे आहे. मूल जगत नसे त्या घरात मुलाला धोंडा म्हणत, ते त्याच्यावर काळाची दृष्ट पडू नये म्हणून. मुलीला नकोशी म्हणत, ते तिच्या पाठीवर पुन्हा मुलगी येऊ नये म्हणून. एका नावात मूल राखण्याची धडपड आहे, दुसऱ्यात ते नाकारण्याची.

नाव बदलल्याने मन बदलतेच असे नाही, हेही खरे. प्रसवपूर्व लिंगनिदानावर कायद्याने बंधन घालणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. तो कायदा १९८८ चा. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. नकोशा मुलींना नावे ठेवण्याची तसदीही जेथे घेतली जात नाही, अशा घरांची ही मूक नोंद आहे.

सुशिक्षित घरांत आज प्रश्न निराळा आहे. तेथे बारशाआधी याद्या चाळल्या जातात, नक्षत्रावरून आलेले अक्षर आणि अंकशास्त्र यांचा मेळ घातला जातो आणि आजीच्या जिभेला न वळणारे, आईबापांनाही अर्थ न सांगता येणारे नाव पाळण्यातल्या मुलीच्या कानात सांगण्याची पाळी आत्यावर येते. हौसेला मोल नसते हे मान्य; पण नाव पाहुण्यांना चकित करण्यासाठी नसते, मुलीला जन्मभर वागवण्यासाठी असते. ते सहज उच्चारता यावे, त्याचा अर्थ तिला अभिमानाने सांगता यावा, एवढे पथ्य पुरेसे आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे ते तिचेच राहावे. राज्य शासनाच्या २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे शासकीय दस्तऐवजांत आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव येते. आईला मिळालेला हा मान स्वागतार्हच आहे. परंतु ताटातल्या तांदळावर अंगठीने सुनेचे नवे नाव लिहिण्याची हौस जेथे अजून फिटलेली नाही, तेथे हा मान अर्धाच म्हणावा लागेल. विवाह जुळावा म्हणून टिटवाळ्याच्या गणेशाला नवस बोलणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे. दुष्यंत शकुंतलेला विसरला, असे कालिदासाने दाखवले. पण तिचे नाव बदलण्याचे त्यालाही सुचले नव्हते.