सदोष दारूगोळ्याच्या अपघातांचे चौकशी अहवाल खुले करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
(मार्फत : मा. जिल्हाधिकारी, हिंगोली)

विषय : सदोष दारूगोळा व शस्त्रसामग्रीमुळे झालेल्या अपघातांचे चौकशी अहवाल जनतेसमोर ठेवण्याबाबत.

महोदय,

या विषयावर आम्ही यापूर्वीही निवेदने दिली. पोच मिळाली, उत्तर आले नाही. कायदा आणि नियम आपल्या कार्यालयाला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत, म्हणून ते येथे पुन्हा उतरवून काढत नाही.

31 मे 2016 रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली आणि दोन अधिकाऱ्यांसह 19 जण गेले. त्यांत आग विझवायला धावलेले जवान होते. रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी हे स्फोटक झिरपत होते, आणि हा दोष आगीआधीच वर कळवला गेला होता, असे तेव्हा छापून आले. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर पुलगावला येऊन गेले, चौकशीचा आदेश निघाला. ती चौकशी कुठवर पोचली, कोणत्या कारखान्याच्या कोणत्या लॉटमध्ये दोष होता, तो तपासून पास कोणी केला, यावरचा पूर्ण अहवाल आजवर जनतेसमोर आलेला नाही. 20 नोव्हेंबर 2018 रोजी त्याच पुलगावजवळ सोनेगाव आबाजी येथे जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जण ठार झाले. त्यांत मजुरीला गेलेली आसपासची माणसे होती. पुन्हा चौकशी, पुन्हा शांतता. ऑक्टोबर 2024 मध्ये देवळालीला सरावात तोफगोळा फुटून दोन अग्निवीर गेले, तेव्हाही चौकशीचेच आश्वासन. आश्वासनांचा हा साठा मात्र कधी कमी पडत नाही.

2020 मध्ये लष्कराचा एक अंतर्गत अहवाल वृत्तपत्रांत फुटला. 2014 पासूनच्या सहा वर्षांत 960 कोटी रुपयांचा दारूगोळा सदोष निघाला, सुमारे 400 अपघातांत 27 जवान गेले, आणि त्या पैशात 155 मिमीच्या 100 तोफा घेता आल्या असत्या, असे त्यात होते. दारूगोळा बनवणाऱ्या तत्कालीन आयुध निर्माणी मंडळाने तो फेटाळला. एकाच मंत्रालयाची दोन खाती परस्परविरोधी बोलतात आणि खरे-खोटे ठरवायला नागरिकाच्या हाती फुटलेल्या कागदाशिवाय काही नसते, यालाच आम्ही गोपनीयता म्हणायचे का?

शत्रूला माहिती मिळेल, असे आम्हाला सांगितले जाईल. साठा किती, कुठे तैनात, हे आम्ही विचारलेलेच नाही. मागे घेतलेल्या, नष्ट केलेल्या लॉटमध्ये काय दोष होता हे कळून शत्रूच्या हाती काय लागते? जवानांचे मनोधैर्य खचेल, हा दुसरा आक्षेप. परंतु गोळा भरणाऱ्याला कोणता लॉट दगा देतो हे आधीच माहीत असते. खचवते ते वर कळवूनही काही न होणे. अमेरिकेचे हवाई दल आपल्या मोठ्या विमान अपघातांचे अहवाल प्रसिद्ध करते, ब्रिटनही तसे करते. आपल्याकडेही 2012 मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले होते की 872 मिग विमानांपैकी 482 कोसळली आणि 171 वैमानिक गेले. त्या आकड्यांनी देश दुबळा झाला नाही. साक्षीदारांची नावे झाका, तांत्रिक तपशील गाळा. पण दोष, जबाबदारी आणि केलेली दुरुस्ती, एवढे तरी ठराविक मुदतीत खुले करा. वसमत, सेनगाव, कळमनुरीच्या रस्त्यांवर भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या पोरांच्या घरच्यांना हे जाणण्याचा हक्क आहे.

सोबत दोन मागण्या : सरावात मृत्यू आलेल्या अग्निवीराच्या कुटुंबास नियमित जवानाइतकेच लाभ मिळावेत, आणि जुना दारूगोळा नष्ट करण्यापूर्वी लगतच्या ग्रामपंचायतींना लेखी सूचना द्यावी.

पुलगावचा अहवाल कोणत्या तारखेला प्रसिद्ध होणार, हे लेखी कळवावे. या वेळी नुसती पोच पाठवू नये, ही विनंती.

आपले विश्वासू,
माजी सैनिक व सैनिक कुटुंबीय, हिंगोली जिल्हा