तीन गाणी झाली की कॅमेरा बाहेर! रॉक कॉन्सर्टच्या फोटोचा मालक नेमका कोण?

नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ रोजी ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश रॉक बँडचे कार्यक्रम झाले. प्रेक्षकांच्या मनगटावरचे एलईडी पट्टे एकाच वेळी रंग बदलतानाचे फोटो राज्यभरातल्या मोबाइलवर फिरले. याच मैदानावर १५ डिसेंबर २०१९ रोजी आयरिश बँड ‘यूटू’चा कार्यक्रम झाला होता. पण अशा कार्यक्रमांत फोटो कोण काढू शकतो आणि तो फोटो कोणाचा?

तीन गाण्यांचा नियम काय?

स्टेज आणि बॅरिकेड यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत छायाचित्रकारांना सोडले जाते. पहिली तीन गाणी, फ्लॅश बंद, मग बाहेर! मोठ्या बँडच्या कार्यक्रमांत जगभर साधारण हीच पद्धत आहे. कलाकारांना आणि पुढच्या रांगेला अडथळा नको, हे त्यामागचे कारण. त्यामुळे शेवटची आतषबाजी टिपायला उरतात बँडचे स्वतःचे छायाचित्रकार आणि प्रेक्षकांचे मोबाइल.

मोबाइलवर फोटो का फसतो?

मागचा एलईडी पडदा झगझगीत आणि मैदान काळोखात. दोन्ही एकदम पकडताना गायकाचा चेहरा पांढरा पडतो. चेहऱ्यावर बोट ठेवून ब्राइटनेस कमी करावा. फ्लॅश बंदच बरा. अंतर दुप्पट झाले की त्याचा उजेड चौथा हिस्सा उरतो. तो स्टेजपर्यंत पोहोचतच नाही.

वाद कशावरून?

वाद करारावरून आहे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या ‘फू फायटर्स’ बँडची अट होती : फोटो एकदाच छापा, हक्क आमचे. ‘वॉशिंग्टन सिटी पेपर’ने सही नाकारली आणि चाहत्यांकडून फोटो विकत घेण्याचे ठरवले. कॅनडातल्या ‘ल सोलेय’ या दैनिकाने तर कार्यक्रमाला थेट चित्रकारच पाठवला.

आपला कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार स्वतःहून काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढणाराच. मात्र कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळे काही ठरले नसेल, तर मालक पैसे देणारा. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार आणि सही लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते.

नांदेड-लातूरकरांनी हे का वाचावे?

कारण हा प्रश्न फक्त स्टेडियमचा नाही. नांदेडचा होला मोहल्ला असो, माळेगावची यात्रा असो की लातूरची सिद्धेश्वर यात्रा. गर्दीत तासन्‌तास उभे राहून कोणीतरी फोटो काढतो. दुसऱ्या दिवशी तोच फोटो नाव कापून बॅनरवर लागला, तर त्याची मेहनत फुकट जाते.

म्हणून काम घेण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : फोटो कुठे वापरणार, किती काळ वापरणार आणि नाव येणार का. फोटो मागवणाऱ्यांनीही ‘नाव देऊ की’ असे तोंडी आश्वासन न देता दोन ओळी लिहून द्याव्यात. परदेशातली वृत्तपत्रे अटींना नाही म्हणू शकली, कारण त्यांनी सहीआधी कागद वाचला होता.