बाइकला एलईडी हेडलाइट: लुमेन वाढले, तरी रस्ता का दिसत नाही?

उसाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सातारा भागात रात्री बाइक चालवणाऱ्यांना एकाच गोष्टीची धास्ती असते, ती म्हणजे समोर अचानक उभी राहणारी ट्रॉली. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला. अशा रस्त्यावर ज्याने एकदा ऐनवेळी ब्रेक दाबलाय, तो दुसऱ्या दिवशी ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन "जरा पावरफुल लाइट दाखवा" म्हणणारच. त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

दुसऱ्या बाजूला या लाइटवर कारवाईही वाढतेय. शेजारच्या कर्नाटकात २०२४ च्या जुलैपासून पोलिसांनी डोळे दिपवणाऱ्या एलईडी दिव्यांविरुद्ध राज्यभर मोहीम उघडली. आपल्याकडेही चौकात अडवून बाइकवरचे जादा दिवे काढायला लावतात. म्हणजे गरजही खरी आणि तक्रारही खरी. मग गडबड नेमकी कुठे आहे? माझ्या मते ती बल्बच्या खोक्यावरच्या आकड्यात आहे, आणि थोडी कायद्यातही.

आधी गरजेचं गणित बघू. हॅलोजनवाल्या आपल्या बऱ्याच छोट्या बाइकना एचएस१ प्रकारचा ३५/३५ वॅटचा बल्ब येतो. डिपरवर त्याचा प्रकाश साधारण ५२५ लुमेन. मोठ्या बाइकच्या आणि जुन्या कारच्या एच४ बल्बचा, म्हणजे ६०/५५ वॅटवाल्याचा, डिपरला साधारण १००० लुमेन. आता ताशी ६० किमी वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ट्रॉली दिसून ब्रेकपर्यंत हात-पाय पोचायला दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच संपले. चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २३ मीटर. एकूण ४८. वेग ८० असेल तर हाच आकडा ७५ च्या आसपास जातो. डिपरच्या पिवळट उजेडात, समोरून गाड्या येत असताना, ७५ मीटरवरची काळपट ट्रॉली दिसणं कठीण आहे. त्यामुळे "कंपनीचा लाइट पुरेसा आहे, गप्प चालवा" हा सल्ला मला पटत नाही.

बल्ब एकटा काम करत नाही

एच४ किंवा एचएस१ बल्ब हातात घेऊन नीट बघा. आत दोन तारा असतात. अप्परची तार रिफ्लेक्टरच्या नाभीपाशी असते. डिपरची तार थोडी पुढे, आणि तिच्याखाली पत्र्याची छोटी वाटी. ही वाटी तारेचा खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा वरचा अर्धा भागच उजळतो आणि प्रकाश रस्त्याकडे वाकतो. भिंतीवर डिपरची आडवी कडा दिसते ती या वाटीमुळे. समोरच्याचे डोळे वाचतात तेही तिच्यामुळेच.

रिफ्लेक्टरचा वाकडेपणा त्या बारीक तारेच्या जागेवरून ठरवलेला असतो. तिथे एलईडी बल्ब बसवला की गोल तारेच्या जागी पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चपट्या चिप येतात. चिपची जागा मिलीमीटर-दीड मिलीमीटर हलली, किंवा पट्टी तिरकी बसली, की कडा विस्कटते. काही प्रकाश समोरच्याच्या चेहऱ्यावर जातो, काही झाडांवर, आणि बराचसा तुमच्या पुढच्या चाकापासून दहा-पंधरा मीटरवर सांडतो. हा शेवटचा भाग सगळ्यात फसवा. जवळचा रस्ता लख्ख उजळला की चालवणाऱ्याला वाटतं, वा, काय लाइट आहे! पण जवळ उजेड जास्त झाला की डोळ्याची बाहुली लहान होते आणि लांबचा अंधार आणखी गडद वाटतो. ट्रॉली तर लांबच असते.

खोक्यावरचे आकडे म्हणाल तर ते वाचून हसू येतं. ३६ वॅटचा बल्ब आणि वर छापलंय २०,००० लुमेन! एलईडी वॅटमागे शंभर-सव्वाशे लुमेन देते असं धरलं तरी उत्तर साडेचार हजारांवर जात नाही. पंखा आणि हीटसिंक किरकोळ असेल तर चिप तापून तेही उतरतं. शिवाय लुमेन म्हणजे सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडलेला प्रकाश. रस्त्यावर ठरावीक जागी किती पडला हे लक्समध्ये मोजतात, आणि ते खोक्यावर कोणी छापत नाही.

आता हे एका बाइकपुरतं राहत नाही. विस्कटलेला झोत समोरच्याच्या डोळ्यात गेला की त्याला सावरायला काही सेकंद लागतात, वय जास्त असेल तर आणखी. ताशी ६० च्या वेगाने तो दर सेकंदाला १७ मीटर आंधळा चालवतो. घरी पोचून तो काय ठरवतो? आपला लाइट कमी पडतोय, बदलायला हवा. म्हणजे माझा बल्ब पुढच्या गिऱ्हाइकाची सोय करतो. दुकानदाराला वेगळी जाहिरात करावीच लागत नाही.

कायदा कोणाला पकडतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ उचलून धरला. त्याच वर्षी दुरुस्ती होऊन कलम १८२अ आलं. नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. केंद्रीय मोटार वाहन नियम १०६ तर मोजमापासकट बोलतो. दिव्यापासून ८ मीटर लांब, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये.

याच १८२अ मध्ये विक्रेत्यासाठीही तरतूद आहे. सरकारने सुरक्षेसाठी महत्त्वाचा म्हणून अधिसूचित केलेला सुटा भाग नियमबाह्य असूनही विकला, तर नगामागे एक लाख रुपये दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण चौकात थांबवला जातो तो बाइकवाला. ज्या दुकानाच्या काचेवर हे बल्ब दिवसा चमकत असतात, ते उघडंच असतं. कारवाई उगमाजवळ व्हायला हवी असं मी म्हणतो ते म्हणूनच.

नुसती बंदी घालूनही भागणार नाही, कारण ट्रॉली तिथेच आहे. जर्मनीत २०२० साली ओसरामच्या एलईडी बल्बला हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये वापरायला परवानगी मिळाली, पण सरसकट नाही. ज्या मॉडेलच्या हेडलाइटमध्ये तो बल्ब तपासून पास झाला, तेवढ्याच मॉडेलची यादी. यादीत गाडी असेल तर लावा, नाहीतर नाही. हेडलाइट तपासणारी एआरएआय आपल्या पुण्यातच आहे. सर्वाधिक खपाच्या दहा-बारा बाइकपुरती अशी यादी केली तरी लाखो लोकांना कायदेशीर वाट मिळेल.

तोवर काय करायचं?

माझा क्रम ठरलेला आहे. आधी होल्डरवरचा व्होल्टेज मोजायचा. हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी मिळाला तर प्रकाश जवळजवळ ३० टक्के घटतो. जुन्या बाइकमध्ये बारीक वायर, गंजलेला अर्थिंग पॉइंट आणि बटणातले जळके संपर्क मिळून एवढा तोटा आरामात होतो. रिलेवाला हार्नेस टाकला की करंट बॅटरीवरून थेट जातो आणि बटणावरचा ताणही उतरतो. कंपनीची वायरिंग कापू नका, कपलरवाला हार्नेस घ्या. हा उपाय डीसीवर चालणाऱ्या हॅलोजन लाइटसाठी आहे. कंपनीकडूनच एलईडी आली असेल तर तिच्या ड्रायव्हरमुळे रिलेचा काही उपयोग नाही.

मग काच आणि रिफ्लेक्टर. काच पिवळी पडली असेल किंवा रिफ्लेक्टरचा मुलामा उडाला असेल तर कोणताही बल्ब लावा, पैसे पाण्यात. पूर्ण हेडलाइट असेंब्ली बदलणं बऱ्याचदा नावाजलेल्या एलईडी बल्बपेक्षा स्वस्त पडतं. त्यात त्याच वॅटचा चांगल्या कंपनीचा हॅलोजन. १००/९० वॅटचा बल्ब कोणी गळ्यात मारत असेल तर हात जोडा. होल्डर वितळतो, आणि छोट्या बाइकच्या चार्जिंगला तो झेपत नाही.

शेवटी झोताची उंची, जी गॅरेजमध्ये कोणी बघत नाही. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर बाइक उभी करा, वर तुम्ही बसा आणि डिपर लावा. प्रकाशाची वरची कडा हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली यायला हवी. आता मागे माणूस बसवून परत बघा. मागचं सस्पेन्शन अडीच सेंटीमीटर जास्त दबलं तरी ती कडा भिंतीवर १९-२० सेंटीमीटर वर चढते, म्हणजे सरळ समोरच्याच्या डोळ्यात. रोज डबलसीट जात असाल तर स्क्रू मागे माणूस बसलेला असतानाच फिरवा, आणि मागच्या शॉकअपची सेटिंग एक खाच वाढवता येत असेल तर तीही वाढवून घ्या.