ऑपरेटरची मजुरी का कापली?

2002 पासून उत्तर पश्चिम रेल्वेचे मुख्यालय असलेल्या जयपुरात कामगारांची सभा होती. मुंबईहून आम्हीही गेलो होतो. ऐन भाषणात अ‍ॅम्प्लिफायर जळाला. ठेकेदाराने ऑपरेटरची दिवसाची मजुरी कापली. का? तर म्हणे, त्याने आवाज वाढवला!

बंधूंनो, आम्ही मॅट्रिकपर्यंतच शिकलो, पण एवढा हिशेब आम्हाला कळतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर छापले होते, किमान 4 ओहम. ठेकेदाराने 8 ओहमचे चार स्पीकर एकाच आउटपुटवर समांतर जोडायला लावले. भार उरला 2 ओहम. करंट वाढला, यंत्र तापणारच! दोन-दोन स्पीकर एकामागे एक जोडून त्या दोन जोड्या समांतर लावल्या असत्या तर 8 ओहम झाले असते. आवाज थोडा कमी भरला असता, पण सभा पार पडली असती. दुसरा अ‍ॅम्प्लिफायर ठेकेदाराला परवडत नव्हता. भाड्यात आम्हीही घासाघीस केली होती, हे कबूल.

लहान अ‍ॅम्प्लिफायर ताणला की आवाज फाटतो आणि ट्विटर जळतो. तेव्हाही शिक्षा ऑपरेटरलाच! वर अर्थिंगची तार तोडलेली. त्याला शॉक बसला असता तर जबाबदार कोण?

ठेकेदाराने आधी मजुरी परत करावी. पुढच्या सभेचे काम त्याला द्यायचे की नाही, ते मग पाहू.